हा मुद्दा किती मतांचा?

डिचोली तालुक्यातल्या एका तरुण मतदाराने विचारले आहे: "निवडणूक जवळ आली की आमचा आमदार वाड्यावाड्यावरच्या रस्त्यांवर हॉटमिक्स डांबर घालतो, देवळाला मंडप देतो, नोकरीचा शब्द देतो. कर्नाटक वळवू पाहत असलेले म्हादई नदीचे पाणी, शेतजमिनींचे रूपांतर, पटसंख्येअभावी बंद पडणाऱ्या मराठी शाळा यांवर मात्र एखादे वाक्य बोलून पुढे सरकतो. हे विषय त्याला कळत नाहीत, की कळूनही तो टाळतो? राजकारणी आपले मुद्दे निवडतात तरी कसे?"

विषय कळतात, हे आधीच सांगून टाकतो. सव्वीस वर्षे मी उत्तर गोव्यात उमेदवारांची प्रचारयंत्रणा सांभाळली. मतदारयाद्या चाळल्या, भाषणे लिहून दिली, मतमोजणीच्या दिवशी टेबलामागे बसून फेरीफेरीचे आकडे उतरवून घेतले. एकाहून अधिक पक्षांसाठी हे काम केले. त्या काळात भेटलेल्या बहुतेक आमदारांना आपल्या मतदारसंघातली विहीर न् विहीर ठाऊक होती. म्हादईवर ते हातात कागद न घेता तासभर बोलू शकत. तेव्हा अज्ञान हे उत्तर नाही.

सुरुवातीच्या काळात एका उमेदवारासाठी मी पाण्याच्या प्रश्नावर आठ पानांचे टिपण केले होते. पंधरा दिवस गावागावांत फिरून माहिती जमवली होती. त्याने ते शेवटच्या पानापर्यंत नीट वाचले, दोन चुका दाखवल्या आणि मग विचारले, "बरें बरयलां तुवें. पूण हें कितल्या मतांचें?" (छान लिहिलेस, पण हे किती मतांचे?) त्या रात्री मला त्याचा संताप आला. मतांपलीकडे याला काही दिसतच नाही, असे वाटले. पुढे आणखी पाच-सहा निवडणुका पाहिल्यावर उमगले, की सगळ्या व्यवहाराची किल्लीच त्याने त्या प्रश्नातून माझ्या हाती दिली होती. मुद्दा मोठा की लहान, हे उमेदवार दुसऱ्यांदा विचारतो. तो मोजता येतो का, आणि माझ्या मतदारसंघात मोजता येतो का, हे पहिल्यांदा.

गोव्यात ही मोजणी किती बारीक असते ते बघा. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत साडेअकरा लाखांहून थोडे अधिक मतदार होते आणि मतदारसंघ ४०. म्हणजे एका आमदारामागे अठ्ठावीस-एकोणतीस हजार मतदार. शेजारच्या महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. आपल्याकडे मतदान ऐंशी टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे पेटीत बावीस-तेवीस हजार मते पडतात. चार-पाच तगडे उमेदवार रिंगणात असले तर आठ हजारांच्या आसपास मते घेणाराही आमदार होतो. त्याच निवडणुकीत सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी ठरली, फोंड्याची ७७ मतांनी, प्रियोळची २१३ मतांनी. खुद्द मुख्यमंत्री साखळीतून ६६६ मतांनी निवडून आले आणि पणजीत फरक होता ७१६ मतांचा.

७६ मते म्हणजे वीसेक घरे. त्यातल्या ३९ मतदारांनी मत फिरवले असते तर आमदार दुसराच असता. असा निकाल एकदा डोळ्यांनी पाहिलेला उमेदवार पुढची पाच वर्षे "जनता" या शब्दात विचार करूच शकत नाही. त्याला घरे दिसतात. आमच्याकडे प्रत्येक बूथची एक वही असायची. एका बूथवर सहाशे-सातशे मतदार, म्हणजे दीड-दोनशे घरे. प्रत्येक घरापुढे खूण: पक्के, विरोधी, तळ्यात-मळ्यात. आणि बाजूला बारीक अक्षरात नोंदी. 'मुलगा डिप्लोमा, घरीच.' 'गडग्यावरून शेजाऱ्याशी वाद.' 'घराला नंबर नाही.' 'आजीचे डायलिसिस.' 'नळाला पहाटेच पाणी.' पक्षाचा छापील जाहीरनामा पणजीत प्रसिद्ध व्हायचा, त्यावर चर्चा व्हायच्या. मतदारसंघातला खरा जाहीरनामा त्या वहीच्या समासात असे, आणि कामे ठरायची ती तळ्यात-मळ्यातल्या घरांच्या नोंदी वाचून.

त्या समासात जो प्रश्न लिहिता येतो, तो आमदाराचा मुद्दा होतो. रस्त्याचे हॉटमिक्सिंग दीड महिन्यात होते, कोणाच्या दारापर्यंत झाले ते दिसते, कोनशिलेवर नाव लागते आणि आचारसंहितेच्या आत नारळ फोडता येतो. मलनिस्सारण वाहिनीचे काम सुरू झाले की पाच-सहा वर्षे रस्ते खणलेले राहतात, शिव्या आजच्या आमदाराला पडतात आणि उद्घाटन पुढचा करतो. दोन्हींपैकी आरोग्यासाठी अधिक गरजेचे काय, हे त्यालाही कळते. तरी पहिल्या कामासाठी तो खात्याच्या अभियंत्याला दिवसातून चार फोन करतो आणि दुसऱ्यासाठी महिन्यातून एक. सोनसड्याच्या डेपोवरचा कचरा मडगावच्या उशाशी इतकी वर्षे का साचत राहिला, याचे निम्मे उत्तर इथे आहे. कचरा शंभर ठिकाणचा, प्रकल्प मात्र एकाच कुणाच्या तरी मतदारसंघात व्हायचा. तो आमच्याकडे नको म्हणणारे मतदार नावानिशी मोजता येतात, आणि तो झाल्याने सुटकेचा श्वास घेणारे वहीत कुठेच सापडत नाहीत.

मोजणीची रीत बदलली की मुद्दा कसा बदलतो, याचा सर्वांत चांगला धडा आपल्याच इतिहासात आहे. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा, एवढाच प्रश्न होता. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले. आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा विलीनीकरणाचा झेंडा घेऊन जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच (मगो) पुन्हा सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. बाहेरचा माणूस हे ऐकून चक्रावतो. तीच माणसे, तेच गाव, निकाल उलटा कसा? कौलात साऱ्या गोव्याची मते एकाच राशीत मोजली गेली. विलीनीकरणाच्या बाजूची मते पंचेचाळीस टक्क्यांच्या आत होती, ती हरली. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघाची रास वेगळी पडते, आणि तिथे तेवढीच किंवा त्याहून कमी मते योग्य ठिकाणी पसरलेली असली की सरकार बनते. विरोधकांची मते सासष्टीसारख्या भागांत थरावर थर साचली होती. मगोची मते पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा अशी अनेक जागांना पुरतील इतकी विखुरलेली होती.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे. विलीनीकरणाने सरकार मिळत नाही आणि त्याच्यावाचून सरकार पडतही नाही, हे दिसल्यावर तो मुद्दा हळूहळू मागे गेला. पुढे आला कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि मुंडकार, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर बांधून राहणारा. १९६४ चा कूळकायदा आधीपासून होता. १९७५ मध्ये मुंडकार संरक्षण कायदा आला, १९७६ मध्ये पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवले. तेव्हा शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. पोर्तुगीज राजवटीत ज्यांच्या मताला किंमतच नव्हती, अशा माणसांच्या हाती १९६३ मध्ये पहिल्यांदा मतपत्रिका आली होती. भाटकार, म्हणजे जमीनदार, मोजके, कुळे आणि मुंडकार हजारो. तीच मोजणी, तोच हिशेब, आणि त्यातून गावागावात मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या, कसणाऱ्याच्या हाती जमीन आली. म्हणून "मतांसाठी केले" हे वाक्य कोणी तुच्छतेने उच्चारले की मला राहवत नाही. माझे आजोबा दुसऱ्याच्या भाटात झोपडी बांधून राहिले. ती झोपडी आमची झाली ती मतांसाठीच. भाऊसाहेबांच्या मनात बहुजनांविषयी कळवळा होता यात मला शंका नाही, पण त्या कळवळ्याला विधानसभेत हात वर करणारे बहुमत मिळाले ते या हिशेबामुळे.

आता तुमच्या म्हादईकडे येतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाणीवाटपाच्या लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मंजुरी मिळाली. गोव्यात एकही पक्ष असा नाही जो म्हादईच्या बाजूने बोलत नाही. नेमके हेच त्या मुद्द्याचे दुर्दैव आहे. सगळेच एका बाजूला उभे असले की म्हादईसाठी कोणी आपले मत बदलत नाही. ज्या मुद्द्याने मत हलत नाही, त्यावर उमेदवार ठराव करतो, भाषणात हात उंचावतो आणि पुढे जातो. दुसरी गोष्ट दिल्लीची. लोकसभेत कर्नाटकाच्या २८ जागा आहेत आणि गोव्याच्या २. राष्ट्रीय पक्ष कोणताही असो, केंद्रात कोणीही बसलेला असो, उत्तर कर्नाटकातल्या शेतकऱ्याला दुखवायचे की सत्तरीतल्या, हा प्रश्न त्याच्यासमोर आला की पारडे कुठे झुकते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. इथला नेता आपल्याच पक्षश्रेष्ठींशी भांडला तर तिकिटाची चिंता. न भांडला तर मते जाण्याची चिंता नाही, कारण समोरचाही श्रेष्ठींपुढे तसाच गप्प आहे. ओपाच्या जलप्रकल्पातून फोंडा आणि तिसवाडीतल्या घरांत पोहोचणारे पाणी याच खोऱ्यातले, खांडेपार नदीचे. ज्या दिवशी त्या नळांना खारट पाणी येईल त्या दिवशी हा मुद्दा वहीत शिरेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. हे लिहिताना मला यातना होतात.

खाणींचे उदाहरण याच्या उलट आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांत ट्रकमालक, मशीनवाले, बार्जवाले, खाणकामगार यांच्या संघटनांच्या याद्या तयार होत्या. गावागणिक नावे, नावागणिक कर्जाचे हप्ते. उमेदवाराला वेगळी मोजणी करावीच लागली नाही. त्यामुळे खाणी सुरू करू हे वाक्य त्या पट्ट्यातल्या प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी आले, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. खाणीच्या गाळाने ज्यांची शेते बुजली, ज्यांच्या विहिरी आटल्या, तेही याच गावांतले. शिरगावात जाऊन विचारा. पण त्यांची यादी कुणी केली नव्हती, आणि बऱ्याच घरांत एक भाऊ ट्रकमालक व दुसरा बुजलेल्या शेताचा मालक होता. अशा घराचे मत ट्रककडे जाते. हप्ता दर महिन्याला येतो, पीक वर्षातून एकदा.

शाळेच्या माध्यमाच्या प्रश्नावर थोडा जास्त थांबणार आहे, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि कारण त्यात ही सगळी यंत्रणा उघडी पडते. १९९० मध्ये सरकारने ठरवले की प्राथमिक शाळेला अनुदान हवे असेल तर शिक्षण मातृभाषेतून द्यायचे. तेव्हा शशिकलाताई शिक्षणमंत्री होत्या. २०११ मध्ये काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदानाचे दार उघडले. एरवी एकमेकांकडे पाठ फिरवणारे मराठीवादी आणि कोकणीवादी तेव्हा एकत्र रस्त्यावर उतरले, आणि विरोधात असलेला भाजप त्या आंदोलनाच्या पुढच्या रांगेत होता. मार्च २०१२ मध्ये काँग्रेस ९ जागांवर घसरली, भाजपला २१ मिळाल्या. आणि मग? चर्चसंस्थांच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान नव्या सरकारनेही चालू ठेवले. २०१६ मध्ये सुभाष वेलिंगकरांनी उघड बंड केले, त्यांना संघाच्या गोव्यातल्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले, गोवा सुरक्षा मंच उभा राहिला. २०१७ मध्ये या मंचाला एकही जागा मिळाली नाही.

अनेकांनी याला विश्वासघात म्हटले. मलाही तो घाव लागला. पण मोजणी समजून घ्या. २०१२ च्या विजयात ख्रिस्ती मतदारांचा मोठा वाटा असलेल्या जागाही होत्या आणि भाजपच्या तिकिटावर ख्रिस्ती उमेदवार निवडून आले होते. त्या मतदारसंघांत प्रत्येक शाळेच्या पालकांची यादी होती. अनुदान थांबले असते तर त्या पालकांना पुढच्याच जूनमध्ये फी भरावी लागली असती आणि त्यांनी मत फिरवले असते. दुसऱ्या बाजूला आम्ही, मराठीसाठी तळमळणारे. आमच्या घरापुढे वहीत 'पक्के' अशी खूण होती. चिडतील, सभा घेतील, लेख लिहितील आणि मतदानाच्या दिवशी परत येतील, असा हिशेब होता, आणि तो बहुतांशी बरोबर निघाला. ज्यांचे मत गृहीत धरलेले असते त्यांचा मुद्दा मागच्या बाकावर बसतो. हा नियम मी सर्व पक्षांत, सर्व समाजांत पाहिला.

त्याहून बोचणारी गोष्ट दुसरीच. त्या वर्षांत घराघरांत जाऊन मी नोंदी केल्या तेव्हा मातृभाषेच्या मोर्चाला आलेल्या कितीतरी घरांतली मुले इंग्रजी शाळेच्या बसमधून उतरताना दिसायची. उमेदवाराला ते माझ्या आधी दिसले होते. माणूस काय घोषणा देतो हे तो ऐकून घेतो, पण मोजतो ते त्याने मुलाला कुठे घातले आहे. मराठी शाळा वाचवायची तर पहिले काम पटावर नाव घालण्याचे आहे. पटावरची चाळीस नावे म्हणजे पालकांची ऐंशी मते, आणि आजी-आजोबा धरले तर त्याहून जास्त. ती आमदाराला कुठल्याही परिषदेच्या ठरावापेक्षा लवकर वाचता येतात.

नोकरीचे तुम्ही विचारलेत. आमदाराच्या दारात सकाळी सात वाजता जी रांग असते तिच्यात निम्म्याहून अधिक आया असतात, हातात मुलाच्या गुणपत्रिकांची पिशवी. सरकारी नोकरीइतका मोजता येणारा, एकाच हातून दिला गेला असे सांगता येणारा आणि आयुष्यभर लक्षात राहणारा दुसरा उपकार नाही. भरतीसाठी कर्मचारी निवड आयोग नेमण्याचा कायदा २०१९ मध्ये झाला. परीक्षा, गुणवत्ता यादी, नेमणूक. अशी नोकरी ज्याला मिळते तो आमदाराचा ऋणी राहत नाही, स्वतःच्या अभ्यासाचा राहतो. समाजासाठी हे चांगले आहे, आमदारासाठी तो तोटा आहे. म्हणून कायदा झाल्यापासून सगळी भरती आयोगाकडे जाईपर्यंतची वाट इतकी संथ होती. यापेक्षा गूढ कारण शोधण्याची गरज मला वाटत नाही. मुंडकारांच्या खटल्यांचेही तसेच. पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा, आणि मामलेदाराकडे अजून तारखा पडतात. ज्याचा खटला लोंबकळतो तो दर दोन महिन्यांनी आमदाराकडे येतो. ज्याचा निकाल लागला तो स्वतंत्र झाला.

बायकांच्या बाबतीत हिशेब अर्धाच पूर्ण झाला आहे. मतदानाच्या टक्केवारीत गोव्याच्या बायका पुरुषांच्या पुढे आहेत. हे लक्षात आल्यापासून गृहआधार, लाडली लक्ष्मी अशा बायका-मुलींना पैसे देणाऱ्या योजना आल्या, २०२२ च्या प्रचारात तर दरमहा पाच हजार आणि वर्षाला तीन गॅस सिलिंडर मोफत अशी बोली लागली. त्या पैशाची टिंगल करणाऱ्यांनी एकदा एकट्या बाईचे घर चालवून बघावे. पण त्याच निवडणुकीत ४० पैकी फक्त ३ बायका आमदार झाल्या. मतदार म्हणून बाई मोजली जाते, उमेदवारी देताना नाही, कारण तिकीट देणाऱ्याला तिकिटाच्या रांगेतला नाराज पुरुष अधिक जवळून दिसतो.

अनुसूचित जमातींचे तर याहून वाईट. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला. लोकसंख्येत ते दहा टक्क्यांच्या आसपास. विधानसभेत त्यांच्यासाठी जागा राखण्याचे विधेयक संसदेत मंजूर व्हायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. बावीस वर्षे! त्यांची मते अनेक मतदारसंघांत थोडी थोडी विखुरलेली. आणि एखादी जागा राखीव झाली की तिथल्या बसलेल्या आमदाराचे घरच जाते. प्रत्येकाने पाठिंब्याचे भाषण केले आणि कोणीही फाईलमागे धावला नाही.

आणखी एक हिशेब आहे, आणि तो मतदानानंतर सुरू होतो. विरोधात बसलेल्या आमदाराच्या मतदारसंघात कामे अडतात, निधी आटतो, हा अनुभव मतदारांनाही आहे. म्हणून "विकासासाठी गेलो" हे वाक्य आपल्याकडे चालते. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० जण सत्ताधारी पक्षात गेले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. दोन्ही वेळा दोन-तृतीयांशाचा आकडा भरला, त्यामुळे पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी गेली नाही. २०१९ च्या दहांपैकी बहुतेकांना मतदारांनी पुढच्या निवडणुकीत नाकारले. तरीही २०२२ मध्ये पक्ष सोडणार नाही अशा देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात शपथा घेतलेल्यांमधले आठ जण निकालानंतर सहा महिन्यांत, सप्टेंबरमध्ये गेले. शिक्षा साडेचार वर्षांनी मिळणार, लाभ आज मिळणार. याचा मुद्द्यांवर काय परिणाम होतो? त्या सप्टेंबरनंतर ४० पैकी ३३ आमदार सरकारच्या बाजूला होते. अशा सभागृहात सरकारला एकेका आमदाराची मनधरणी करावी लागत नाही, आणि एकेका गावाचा प्रश्न घेऊन अडून बसण्याची ताकद कोणातच उरत नाही.

याच्या उलट दोन प्रसंग मी जवळून पाहिले. २००६ च्या शेवटी कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या 'प्रादेशिक आराखडा २०११' विरुद्ध लोक उठले. तोवर भूरूपांतर हा पणजीतल्या वास्तुविशारदांचा आणि पर्यावरणवाद्यांचा विषय होता. गोवा बचाव अभियानाने नकाशे गावात नेले. तुमच्या गावातला हा डोंगर, हा सर्व्हे नंबर, ही पाणथळ. त्या दिवसापासून मुद्द्याला पत्ता मिळाला. ग्रामसभांतून हात वर होऊ लागले आणि हात मोजता येतात. निवडणूक जूनमध्ये होती. जानेवारी २००७ मध्ये आराखडा मागे घेण्यात आला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रे, रद्द करण्याची घोषणा झाली, तेव्हा निवडणूक होऊन सहा महिने झाले होते, पण सरकारचे बहुमत इतके काठावरचे होते की दोन-तीन आमदारांच्या मतदारसंघातला असंतोषही त्याला झेपला नसता.

पुढच्या काळात जमिनीचा प्रश्न पुन्हा पसरट झाला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले, एकेका भूखंडाचा झोन स्वतंत्रपणे बदलण्याची वाट उघडली. संपूर्ण आराखडा एकदम बदलला असता तर गाव उठले असते. एकेक सर्व्हे नंबर बदलत गेला की लाभ एकाचा नक्की असतो आणि तोटा सगळ्या गावाचा, पण थोडा थोडा. या कलमाखालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात सरकारी आणि कोमुनिदाद (गावसंस्थेच्या सामायिक) जमिनींवरची जुनी घरे कायदेशीर करण्यासाठी दुरुस्त्या आल्या, त्या किती वेगाने मंजूर झाल्या ते तुम्ही पाहिले असेल. घर हा वहीत बसणारा मुद्दा आहे. एक घर, चार मते, एक सनद. ज्यांचा जन्म त्या घरात गेला त्यांना ते मिळायलाच हवे असे माझे मत आहे. पण डोंगरउताराला घर नंबर नसतो.

तुमचा आमदार म्हादईवर का बोलत नाही, याचे उत्तर एव्हाना आले असेल. राहिला प्रश्न तुम्ही काय करावे याचा. त्याला चांगले-वाईट म्हणण्यात शक्ती घालवू नका. मुद्द्याला पत्ता द्या आणि त्यावर नावे लावा. "शेती वाचवा" या मागणीला उमेदवार हसून नमस्कार करतो. "सर्व्हे नंबर अमुक, त्याखालच्या तळीवर अवलंबून असलेली ही बासष्ट घरे, बूथ क्रमांक अमुक" असा कागद त्याच्या पुढ्यात ठेवला की तो खुर्ची पुढे ओढतो. हा कागद आचारसंहिता लागण्याच्या किमान तीन महिने आधी द्या, नंतर त्याच्या हाती आश्वासनाखेरीज काही नसते. एकालाच देऊ नका. रिंगणात उतरण्याची शक्यता असलेल्या सगळ्यांना, एकाच दिवशी द्या, आणि दिला हे प्रत्येकाला कळू द्या. दुसऱ्याने आधी हात घातला तर, ही भीती फार काम करते. आणि तुमच्या वाड्यावर आमदाराचे ठाम समर्थक असतील, तर त्यांच्याही सह्या घ्या. पक्क्या घरांची सही विरोधकाच्या कागदावर दिसणे यासारखी दुसरी हलवून सोडणारी गोष्ट नाही.

शेवटच्या वर्षी मी ज्याच्यासाठी काम केले, त्याच्याकडे एका गावातल्या बायका आल्या होत्या. प्राथमिक शाळेचे छप्पर गळत होते, पट अकरावर आला होता. त्यांनी निवेदन आणले नव्हते. पुढच्या जूनमध्ये ज्या मुलांचे नाव त्या मराठी शाळेत घालणार त्यांची यादी आणली होती, एकोणतीस मुले, प्रत्येकापुढे आईबापांचे मतदारयादीतले अनुक्रमांक. उमेदवाराने ती दोनदा वाचली, घडी घालून त्या बूथच्या वहीत ठेवली आणि मला म्हणाला, "फाल्यां सकाळीं इंजिनियराक घेवन वच." (उद्या सकाळी इंजिनियरला घेऊन जा.) आम्ही सकाळी नऊला शाळेत पोहोचलो, तेव्हा त्याच बायका आधीच शिडी लावून थांबल्या होत्या.